विचारणारं कोणी आहे का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, गोरेगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.’ मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. त्या विषयावर पुण्यात आठवड्यातून पाच दिवस बोलावंच लागतं. शाळेत आल्यावर शाळेचाच विषय घ्यावा असं वाटलं. आजचा माझा प्रश्न इतिहासाच्या तासाचा आहे आणि तो सोडवायची रीत गणिताच्या तासाची आहे. प्रश्न असा की माणूस पूर्वी जास्त हिंसक होता, की आज आहे?

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. एक उत्तर पारावरचं. ‘कलियुग आहे बाबा, पूर्वी माणूस माणसाला धरून होता.’ दुसरं उत्तर शिकलेल्यांचं. ‘पूर्वीचे लोक रानटी, आता आपण सुधारलो.’ गंमत अशी की एकच माणूस सकाळी पेपर वाचताना पहिलं उत्तर देतो आणि संध्याकाळी मुलाचा इतिहासाचा अभ्यास घेताना दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मग तपासायचं कसं?

आपले गणिताचे सर अपूर्णांक शिकवताना छेदाखाली खडूनं दोन रेघा मारायचे, आठवतं ना? नुसता अंश सांगून उपयोग नाही, खाली छेद काय आहे ते सांगा. हिंसेच्या बाबतीत आपण सगळे छेद विसरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात २८,५२२ खून नोंदले गेले. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण खाली जवळजवळ १४० कोटींचा छेद ठेवला की उत्तर येतं दर लाख माणसांमागे साधारण २. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात सरासरीनं पाच वर्षांत एक खून. आता हेही ऐका. आपण शाळेत होतो तेव्हा, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, हाच दर लाखाला साडेचारच्या आसपास होता. ज्या दिवसांना आपण ‘ते दिवस किती चांगले होते’ म्हणतो, त्या दिवसांत देशात खुनाचं प्रमाण आजच्या दुप्पट होतं. फरक इतकाच की तेव्हा परभणीची बातमी गोरेगावात दोन दिवसांनी यायची आणि आज केरळातला खून दोन मिनिटांत खिशात वाजतो.

युरोपात जुन्या न्यायालयांच्या वह्या चांगल्या टिकल्या आहेत. त्यांवरून अभ्यासकांनी मध्ययुगातला खुनाचा दर काढला, तो अनेक ठिकाणी लाखामागे वीस किंवा त्याहूनही जास्त निघतो. आज पश्चिम युरोपात तो एकच्या आसपास आहे. स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक जाडजूड पुस्तक लिहून हेच मांडलं की हजारो वर्षांच्या हिशेबात हिंसा कमी होत आली आहे. पुस्तक गाजलं आणि त्यावर टीकाही झाली. टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा आपल्या सरांनाही पटला असता. प्राचीन काळाचे आकडे ज्या उत्खननांतून घेतले, ती ठिकाणं मुळात कत्तलीसाठीच प्रसिद्ध होती. नमुना असा निवडला की उत्तर आधीच ठरून जातं. शिवाय एखाद्या ठिकाणी वीसच सांगाडे सापडले आणि तिघांवर घाव दिसले, की लगेच ‘पंधरा टक्के’ म्हणायचं. छेद आहे, पण वीसचा.

म्हणून मी आकड्यांवरून खाली, मातीत उतरले. आधी हाडांची साक्ष सांगते.

जर्मनीत टालहाइम नावाचं गाव आहे. तिथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचा एक खड्डा सापडला. त्यात ३४ माणसं एकावर एक टाकलेली होती. बायका होत्या, लेकरं होती आणि डोक्यांवर दगडी हत्यारांचे घाव होते. ते शेती करणारे लोक होते आणि मारणारेही बहुधा शेजारच्या वस्तीतले शेतकरीच. तेव्हा ‘पूर्वी माणूस माणसाला धरून होता’ हे उत्तर इथेच लंगडं पडतं.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत काही सांगाडे वेडेवाकडे पडलेले सापडले होते. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर या मोठ्या पुरातत्त्वज्ञानं त्यांवरून आर्यांच्या स्वारीत झालेल्या कत्तलीचं चित्र उभं केलं. ते अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी फेरतपासणी केली. ते सांगाडे एका काळाचे नव्हते. युद्ध झाल्याची खूण नव्हती, हत्यारं विखुरलेली नव्हती. पुढे हाडांच्या तज्ज्ञांनी पाहिलं तर घावानं मेलेले म्हणावेत असे सांगाडे जेमतेम एकदोन. म्हणजे एका विद्वानानं चुकीचा एफआयआर लिहिला आणि आपण तो पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून विलक्षण आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथल्या मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना पावलं नाहीत, घोट्याजवळ कापलेली. पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटा येतो. पण ती कापली आहेत मेल्यानंतर, आणि माणूस पुरला आहे घराच्या जमिनीतच. गेलेला माणूस दूर जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे जे क्रौर्य दिसतं ती कदाचित माया असेल, किंवा भीती. त्याच घरांत लहान लेकरं दोन मातीच्या रांजणांत तोंडाला तोंड लावून पुरलेली आहेत, आणि त्यांच्या हाडांवर उपासमारीच्या, आजारांच्या खुणा आहेत. त्या काळातल्या आईला शत्रूच्या कुऱ्हाडीपेक्षा दुष्काळाची भीती जास्त असणार, असं मला ते वाचताना वाटलं. आपण मराठवाड्याची माणसं आहोत, आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही.

आता हाडांची शेवटची साक्ष. माझ्या सगळ्या म्हणण्याचं बीज इथे आहे. सिंधू संस्कृती शांततेची होती असं आपण शिकलो, आणि इतर संस्कृतींशी तुलना केली तर ते पुष्कळसं खरंही आहे. पण २०१२ साली हडप्प्याच्या कवट्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घावांच्या खुणा तिथेही होत्या. शहर उतरणीला लागलं त्या काळात त्या वाढल्या. आणि सगळ्यांत जास्त घाव कोणाच्या डोक्यावर? नेहमीच्या दफनभूमीत ज्यांना जागा मिळाली नाही, ज्यांची हाडं बाहेर एका खड्ड्यात एकत्र टाकलेली होती, त्यांच्या. आजारांच्या खुणाही त्यांच्यातच अधिक. शहर तेच, काळ तोच. पण काही माणसं ‘आपल्यातली’ होती आणि काही नव्हती. त्यांचं डोकं फुटलं तर विचारणारं कोणी नव्हतं.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. कोणता काळ जास्त हिंसक, हे विचारण्यापेक्षा प्रत्येक काळात एक गोष्ट विचारायची. या माणसाला मारलं, तर कोणी विचारायला येणार होतं का?

आता दगडांची साक्ष घेऊ. सम्राट अशोकानं कलिंगाचं युद्ध केलं आणि तेराव्या शिलालेखात स्वतःच सांगितलं की एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पकडून नेली आणि त्याहून कितीतरी जास्त पुढे मेली. जिंकलेल्या राजानं पश्चात्तापानं असे आकडे दगडावर कोरावेत हे जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. आपल्याकडे मुंबईजवळच्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या आज्ञांचे तुकडे सापडले आहेत. पण त्याच तेराव्या लेखात जंगलात राहणाऱ्या लोकांना तो बजावतो की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे, तेव्हा नीट वागा. आणि हा पश्चात्तापाचा लेख खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातल्या धौली आणि जौगड इथे कोरलेलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. ज्यांच्यावर ओढवलं, त्यांच्यासमोर तो हिशेब मांडला गेला नाही.

दुसरा दगड आपल्या सातवाहनांचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीनं कोरवलेला लेख आहे. एका आईनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं ते कौतुक आहे. त्याच्या मुलखाच्या यादीत अश्मक आणि मूळक ही गोदाकाठची नावं येतात, म्हणजे आपलाच भाग. त्या लेखात ती सांगते की मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. आणि त्याच लेखात ती हेही सांगते की अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर, एकाच आईच्या तोंडी. मला यात खोटेपणा दिसत नाही. तिच्या दृष्टीनं दोन्ही खरंच असणार. जे मोजणीत धरायचे त्यांच्या बाबतीत तो दयाळू होता. ज्यांना मोजणीतूनच काढलं, त्यांचं दुःख हिशेबात येतच नाही. आपण सगळे थोडेफार असेच हिशेब करतो.

तिसरे दगड तर आपल्या ओळखीचे. जुन्या देवळांच्या आवारात, गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेले वीरगळ आपण लहानपणापासून बघतो. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाई पळवून नेणाऱ्यांशी केलेली झटापट, वर स्वर्गातला वीर, अगदी वर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही. राजाच्या युद्धात नव्हे, गावच्या गुरांसाठी मेलेली ही माणसं. त्या काळी फौजदार नव्हता, पंचनामा नव्हता. गुरं गेली तर गावातल्या पोरानंच काठी-तलवार घेऊन मागे धावायचं. त्या मुलांसाठी गावानं निदान दगड तरी उभा केला. ज्यांनी गाई पळवल्या आणि जे मेले, त्यांचा दगड कुठेच नाही.

आता थेट आपल्या हिंगोलीला येऊ. निजामाच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनी १८३९ साली ठगांवर एक कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतली एक हकिगत आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. त्यानं तिथल्या कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना घेतला. प्रत्यक्षात कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं आणि ते वाटेवर होतं. हरिसिंगानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, गाडीवानांना मारलं. सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पुढे तो पकडला गेला आणि स्वतःच सांगितलं, तेव्हा हे कळलं. टेलर लिहितात की पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारली जात होती आणि जवळच पुरली जात होती.

विचार करा, असं होऊ कसं शकलं? कारण मारला जाणारा वाटसरू होता. वाटसरू हिंगोलीत कोणाचाच नव्हता. त्याच्या गावात लोक चार-सहा महिने वाट बघणार, मग म्हणणार की गेला असेल कुठेतरी. विचारणारं गाव शंभर कोस दूर. ठगाचं खरं हत्यार रुमाल नव्हता, हे अंतर होतं.

मग सरकारनं विचारायला सुरुवात केली. पकडलेल्यांना माफीचे साक्षीदार केलं, जबान्या लिहून घेतल्या, नावांच्या याद्या केल्या, एका टोळीची माहिती दुसऱ्या जिल्ह्याला कळवली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मध्य भारतातला तो एक मोठा डेटाबेस होता. रस्ते निर्धोक झाले, हे खरं. पण त्याच यादीनं पुढे दुसरी हिंसा केली. १८३६ च्या कायद्यानं नुसता ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध झाला तरी जन्मठेप देता येऊ लागली. माफीच्या साक्षीदारानं जीव वाचवण्यासाठी कितीही नावं घ्यावीत. ठगांच्या संख्येचे जे प्रचंड आकडे सांगितले जातात त्यांवर इतिहासकार आज शंका घेतात ती याचमुळे. आणि १८७१ साली तर पूर्ण जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. पोरगं जन्मलं की गुन्हेगार. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड किती पिढ्यांनी हजेरी दिली ते तिथल्या माणसांना विचारा. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे लोक कागदोपत्री विमुक्त झाले. लोकांच्या डोक्यातली यादी मात्र कोणी रद्द केली नाही.

आता तुम्हाला माझं म्हणणं कळलं असेल. वही, चौकी, न्यायालय यांनी हिंसा खरंच कमी होते. युरोपातला दर वीसवरून एकवर आला तो माणसाचं रक्त बदललं म्हणून नव्हे, तर मारलं की कोणीतरी दारात येऊन विचारणार ही खात्री वाढली म्हणून. पण हीच वही एखाद्या समाजाला ‘मोजणीबाहेर’ टाकण्यासाठी वापरली, तर तिच्याएवढं धारदार हत्यार नाही. रुवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक कोयत्यांनी, शेजाऱ्यांच्या हातून. कोणाला मारायचं हे ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. ओळखपत्राची ती पद्धत बेल्जियमच्या राजवटीनं काही दशकं आधी सुरू केली होती. हत्यार प्राचीन होतं, यादी आधुनिक होती. दुसऱ्या महायुद्धात सहा ते आठ कोटी माणसं मेली. छेद धरूनही ते तेव्हाच्या जगाच्या शंभरातले तीन येतात. तेव्हा ‘आपण सुधारलो’ हे उत्तरही छातीठोकपणे देता येत नाही.

आता जे सांगायचं आहे ते जवळचं आहे, म्हणून अवघड आहे.

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन आपण दरवर्षी केलं. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार, जाळलेली गावं, सरहद्दीवरचे कॅम्प, हे सगळं आपण ऐकत वाढलो. बिलोलीचे गोविंदराव पानसरे १९४६ साली मारले गेले. वसमतच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते बहिर्जी हुतात्मा झाले. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये मारलं, कारण एक मुसलमान संपादक भारतात सामील व्हा असं लिहीत होता. हे सगळं खरं आहे आणि ते कधीच विसरता कामा नये.

पण १३ सप्टेंबरला सैन्य आत आलं, १७ तारखेला निजाम शरण आला आणि आपलं पुस्तक तिथे मिटतं. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं याचा धडा आपल्याला नव्हता. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीनं गावोगाव फिरून अंदाज दिला की पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी छळलं ते खरं, पण सूड निघाला तो बव्हंशी ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर. विणकर, शेतमजूर, दुकानदार. त्या काही आठवड्यांत त्यांच्यासाठी विचारणारं कोणी नव्हतं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं. विशेषतः विणकरांनी विणकरांना. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, तीच माणसं, तोच संताप. पण जिथे कोणीतरी उंबऱ्यावर उभं राहून ‘का?’ म्हणून विचारलं, तिथे माणसं वाचली.

१९७८ चं तर आपल्या आईवडिलांनी पाहिलेलं आहे. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्याच मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं. बाहेरून कोणी स्वारी केली नव्हती. गावातल्यांनी गावातल्यांना जाळलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा आपण आठवीत होतो. आपल्याच वर्गातल्या काही घरांत त्या दिवशी दिवे लागले होते आणि काही घरांत दारं लवकर बंद झाली होती, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा आपण एका बाकावर बसत होतो, पण याविषयी एकमेकांना काही विचारलं नाही. आज विचारायला हरकत नाही.

मैत्रिणींनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी. पुढच्या काळातल्या पुरातत्त्वज्ञांना आपल्या काळाची एक हिंसा कुठल्याच हाडावर सापडणार नाही. २००१ साली बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७ राहिल्या. राज्याचा आकडाही ९१३ वरून ८९४ वर आला. रक्त नाही, आरडाओरडा नाही, शिकलेल्या माणसांनी स्वच्छ खोलीत केलेलं काम. पिंकरच्या आलेखात या मुली नाहीत आणि पोलिसांच्या वहीतही नाहीत. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ पासून होता, पण प्रत्येक सोनोग्राफीमागे भरायचा ‘एफ’ फॉर्म कोणीतरी खरोखर तपासायला लागेपर्यंत तो कागदावरच होता. इथेही तेच. कायदा असणं वेगळं आणि विचारायला कोणीतरी येणं वेगळं.

आता माझ्या धंद्याकडे येते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. सोलापूरकडचे पाच जण आले होते. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. लोकांनी त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. ग्रामपंचायतीत! जिथे गावाची वही असते, जिथे जन्म-मृत्यूची नोंद होते, तिथे. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचं तेच झालं, तेही चोरांच्या अफवेतून.

हिंगोलीच्या ठगानं वाटसरूला मारलं, कारण त्याच्यामागे विचारणारं कोणी नव्हतं. राईनपाड्यात गावानं वाटसरूला मारलं, कारण त्याला काही विचारायची गरजच कोणाला वाटली नाही. मधे जवळजवळ दोनशे वर्षं गेली. रस्ते झाले, रेल्वे आली, कोर्ट आली, खिशात फोन आला. पण अनोळखी माणूस आणि मृत्यू यांच्यामधलं अंतर एका फॉरवर्डवर आलं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या दृष्टीनं हा एका आकड्याचा बदल आहे. चांगला बदल आहे. पण आकडा अंगठ्याचा वेग कमी करतो, अंगठ्याच्या मालकाला प्रश्न पडेल याची हमी देत नाही. ते काम कुठलीही कंपनी करून देणार नाही.

तर माझं उत्तर काय? सरासरीनं, छेद धरून पाहिलं तर, आज एखादा साधा माणूस दुसऱ्याच्या हातून मरण्याची शक्यता पूर्वीच्या बहुतेक नोंदलेल्या काळांपेक्षा कमी आहे. हे मी आनंदानं सांगते, आणि मुलांनाही सांगा. त्यांना सतत कलियुग ऐकवू नका. पण ही कमाई आपल्या स्वभावाची नाही, व्यवस्थेची आहे. शेताला जसं कुंपण, तशी ती आहे. कुंपण एका रात्रीत पडू शकतं आणि गुरं आत शिरतात. १९४८ साली पडलं, १९७८ साली पडलं, राईनपाड्यात एका दुपारी पडलं. आणि पडतं तेव्हा ते नेहमी एकाच बाजूनं पडतं, ज्या बाजूची माणसं आपण मोजणीत धरलेली नसतात त्या बाजूनं.

शेवटी दोन मागण्या आहेत, आणि खाली बसते.

पहिली. आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुठल्याही जातीच्या, धर्माच्या, फिरस्त्या माणसांविषयी ‘सावध राहा’ असा मेसेज आला, तर तो पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं? तू पाहिलंस का? ठाण्यात फोन केलास का? थोडा राग येईल. आला तरी चालेल. आपण एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेलं आहे, एवढा राग पचेल.

दुसरी. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीला टेकले आहेत. १९७८ पाहिलेले आपले काका-मावश्या सत्तरीत आहेत. आपल्या गावात, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवर तेव्हा कोण मेलं, कोणाचं घर जळलं, आणि कोणी कोणाला कोठीत, कडब्याच्या गंजीत, देवघरात लपवलं, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल. या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. दोन्ही बाजूंचं लिहून घ्या. पुढच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत आपल्या गुणवंतांच्या यादीबरोबर दोन पानं त्यासाठी ठेवू. माझ्या मते ज्यांनी कोणाला लपवलं, त्यांचं नाव त्या गुणवंतांच्या आधी यायला हवं.

आजच सुरुवात करायची असेल तर जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गुरुजींना विचारा. ते सांगतील. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.